एक हजार सदुसष्ट

भेस्तान, सुरत
२ नोव्हेंबर २०२५

उखाकाका,

त्या गाडीच्या ड्रायव्हरचं नाव काय?

मे महिन्यात शेडमधून निघताना तुम्ही मला एवढंच विचारलं होतं. मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही. तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं, कारण सगळेच हसत होते. गाडी जाणार मोझांबिकमधल्या कुठल्या तरी खाणीवर, तिथला ड्रायव्हर मला कसा माहीत असणार, असं मी म्हणाले. तुम्ही डबा उचलला आणि गेलात. इंजिन ऐकायला कानाला लावायचा तुमचा लांब पेचकस चाचणीच्या टेस्ट-बेडवरच राहिला. तो मी जपून ठेवला आहे.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. बमरोलीला तुमचा पुतण्या निंबा भेटला, त्याने मारवडचा पत्ता दिला. म्हणाला, "काका आते वावरमाच ऱ्हास, कोनासंगे बोलस नही. लिखी देख तू."

तर कामाचं लिहिते. दुसरी जपानी गाडी आली, वॅगन ओढायचं जुनं डिझेल लोको; हेही नीट करून त्याच खाणीवर पाठवायचं. हजीऱ्याच्या बंदरावरून ट्रेलरवर आणायला दोन दिवस लागले, कारण उधन्याच्या वळणावर ट्रेलर अडकला. पहिलीसारखीच आहे: नारिंगी रंग, पांढरा पट्टा, मधोमध ड्रायव्हरची केबिन आणि दोन्ही बाजूंना लांब नाकं. प्रत्येक नाकात एक इंजिन. मी आधी पाटी पुसली. डीएमएल ६१. पहिल्या गाडीच्या वेळी तुम्ही बोटांवर ए-बी-सी मोजत एलपर्यंत आला होतात आणि म्हणाला होतात, "बारावं अक्षर, बारा सिलिंडर. जपानी मानूस पाटीवरच सगळं सांगी देस." पुढचं एकसष्ट म्हणजे एकसष्ट लिटर, हे मी सांगितलं होतं. मिनिटाला १,५०० फेऱ्यांना १,१०० अश्वशक्ती. त्या दिवशी आपण दोघंही किती खूश होतो.

गाडी शेडमधल्या एकशेवीस फूट रुळावर उभी आहे. भेस्तान स्टेशन इथून अर्ध्या किलोमीटरवर, दिवसभर मालगाड्या जाताना ऐकू येतात. पण ते रूळ साडेपाच फुटी आणि हिची चाकं साडेतीन फुटी. चौऱ्याऐंशी टनांचं हे धूड साठ फूट पुढे जातं आणि साठ फूट मागे येतं. सबंध सुरतेत तिला जायला दुसरी जागा नाही.

आम्ही जुलैपासून शेडच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आलो आहोत. आबांना इथे वॉचमनचं काम मिळालं. माय साड्यांना टिकल्या लावते, ते चालूच आहे. माझी डिग्री तिने नव्या भिंतीवर देवांच्या शेजारी लावली. जागा चांगली आहे. पाणी चोवीस तास.

काका, या गाडीला तुम्ही हवे आहात. नवे फिटर नळ्या जोडतात, पण इंजिन ऐकत कोणी नाही. त्या दिवशी मी जे बोलले, त्याबद्दल माफ करा. परत या.

तुमची,
चंचल

१६ नोव्हेंबर २०२५

उखाकाका,

तुमचं कार्ड मिळालं. सहा महिन्यांनी तुम्ही मला तीन शब्द लिहिलेत: "फडकं देखं का?"

हो, देखं. तुम्ही विचारायच्या खूप आधी.

मागच्या पत्रात मी "जे बोलले" असं लिहून मोकळी झाले. काय बोलले, ते लिहिते. पहिल्या गाडीचं इंजिन पूर्ण लोडवर होतं. तुम्ही तारेच्या कड्यावर पांढऱ्या कोऱ्या कापडाचा तुकडा ताणून दहा आकडे मोजेपर्यंत धुराड्यावर धरलात. प्रत्येक इंजिनाचं करता तसंच. ते कापड तुम्ही आबांकडूनच आणायचात, मागावरचं उरलंसुरलं. कापड कोळशासारखं काळं झालं. तुम्ही ते सगळ्यांना दाखवून म्हणालात, "हजारना वर जास नही हाई. डिझेल जळत नही पुरं." आणि मी, बी.ई. मेकॅनिकल, हातात प्रिंट धरून म्हणाले, "काका, फडक्यावर इंजिन पास होत नाही." आपले शेठ, धनसुखभाई, मोठ्याने हसले. "उखाभाई, हवे बेननुं सांभळो. भणेली छे." आता बेनचं ऐका, शिकलेली आहे, असं. मग सगळा शेड हसला.

तुम्ही जुनी तबकडी बघत होतात, इंजिनाची ताकद मोजणाऱ्या पाण्याच्या ब्रेकला लावलेली. ती ९५५ दाखवत होती. मी म्हणाले तबकडी गंजली आहे. एप्रिलमध्ये बसवलेलं नवं पॅनेल १,०१२ दाखवत होतं. आणि माझ्या कागदावर १,०७३ होते.

पास व्हायला १,०६७ लागतात. अकराशेतून तीन टक्के वजा. तुम्हीच गमतीने म्हणाला होतात की हिच्या रुळाची रुंदीही मिलिमीटरमध्ये तेवढीच आहे, ध्यानात ठेवायला सोपं.

तीन आकडे तीन ठिकाणी कसे, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही. मी सांगायला हवं होतं. सुरतेच्या मे महिन्यात हवा तापून विरळ होते, इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो, ताकद कमी भरते. म्हणून मिळालेल्या आकड्याला एका गुणकाने गुणतात, म्हणजे थंड हवेत तेच इंजिन किती भरलं असतं ते कळतं. हे पुस्तकात आहे, यात लबाडी नाही. त्या दिवशीचा गुणक १.०६ होता. जुन्या तबकडीच्या काळात हा गुणाकार हाताने करावा लागायचा. कॉलेजात मी तसाच शिकले, आणि तसाच केला.

पण नवं पॅनेल तो गुणाकार स्वतःच करतं. ९५५ चे १,०१२ त्याने केले होते. त्याचे पुन्हा १,०७३ मी केले.

तुमची तबकडी बरोबर होती. फडकंही. नंतर मी वाचलं, मोठ्या कंपन्यांत धूर तपासायला गाळणीचा पांढरा कागद वापरतात आणि तो किती काळा झाला ते मोजतात. तुम्ही तेच आबांच्या कापडावर करत होतात.

ही चूक मला १२ जूनला कळली. पॅनेलचं पुस्तक मी उशिरा उघडलं, कारण मला वाटलं होतं मला येतं. सत्तेचाळिसावं पान. वाचून मी टेस्ट-बेडवर गेले. तुमचं फडकं खिळ्यावर होतं, कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख, आणि खाली "९५५". मी ते काढून माझ्या कपाटात ठेवलं. त्याच दिवशी धनसुखभाईंना जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मशीन तो चाले छे ने? बे वॅगन ओछी जोडशे." म्हणजे गाडी चालते ना, तिथले लोक दोन डबे कमी जोडतील, एवढंच.

दुसऱ्या गाडीची चाचणी मंगळवारी आहे. तुम्ही येणार नाही, हे आता मला समजलं. तरी रागवायला का होईना, एक कार्ड टाका.

चंचल

२३ नोव्हेंबर २०२५

उखाकाका,

आधीच्या पत्रातलं एक वाक्य दुरुस्त करायचं आहे. "त्याच दिवशी धनसुखभाईंना सांगितलं" असं मी लिहिलं. खोटं आहे. सांगितलं ते चार दिवसांनी.

त्या चार दिवसांत बमरोलीत आबांचा माग बंद झाला. मालकाने सगळेच माग भंगारात काढले. सव्वीस वर्षं मागावर काढून आबांना आता अर्धंच ऐकू येतं, दुसरीकडे कोण ठेवणार? मी धनसुखभाईंच्या केबिनमध्ये गेले तेव्हा माझ्याजवळ सांगायच्या दोन गोष्टी होत्या. इंजिनाची मी आधी सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, दोन वॅगनचं ते बोलले, आणि थांबून विचारलं, "पप्पा शुं करे छे हमणां?" मी सांगितलं. ते म्हणाले, शेडमागच्या खोल्या रिकाम्याच आहेत, वॉचमनही हवा आहे, उद्यापासून पाठव.

काका, त्यांनी मला धमकी दिली नाही. बदल्यात काही मागितलंही नाही. मी "थँक्यू, शेठ" म्हणाले आणि बाहेर आले. इंजिनाचं उत्तर मिळालं नाही, हे मला जिना उतरताना कळलं होतं. मी परत वर गेले नाही. गाडी ३ जुलैला बंदरावर गेली, म्हणजे सतरा दिवस माझ्या हातात होते.

आता आमच्या घराचं दार कारखान्याच्या आवारात उघडतं. आवाराच्या फाटकाची किल्ली आबांच्या कमरेला असते. माय टिकल्या लावता लावता खिडकीतून गाडी बघते आणि शेजारच्या सरलाबाईंना सांगते, "हाई मनी पोरना सहीशिवाय बाहेर जास नही." तिला किती अभिमान आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. मी रोज त्या वाक्यावरून जाते.

मंगळवारी चाचणी झाली. हवा आता जरा बरी आहे, गुणक १.०३. तबकडी १,०१०. पॅनेल १,०४०. आकडा खरा, इंजिन नापास. डिझेलचे दोन्ही पंप काढून पुन्हा बसवले तर सुधारेल असं मला वाटतं. पण त्याला सहा आठवडे लागतील, आणि जहाज ५ डिसेंबरचं आहे. मी उगाच कागदावर एकदा दुसरा गुणाकार करून पाहिला. १,०७१. बरोबर बसतो.

मी १,०४० लिहिलेला कागद घेऊन गेले. धनसुखभाईंनी शेजारी मेमधला कागद ठेवला. "बेन, एक ज पॅनेल, एक ज इंजिनिअर. मे मां पास, नवेंबर मां फेल? ए लोको पूछशे नहीं?" विचारतीलच. मी दुसऱ्या गाडीचं खरं लिहिलं तर पहिलीचं खोटं उघडं पडतं. पहिलीचं झाकायचं तर दुसरीचंही खोटंच लिहावं लागतं. मी सही न करता कागद घेऊन परत आले.

आणि बुधवारी मेल आली. खाणीच्या रेल्वेचे इंजिनिअर, अर्मांडो त्यांचं नाव. मेल कंपनीला होती, पण पहिल्या ओळीत लिहिलं होतं: चाचणीवर सही करणाऱ्या अभियंत्यासाठी. म्हणजे माझ्यासाठी.

चौदा वॅगन घेऊन गाडी चढावर दोनदा थांबली. ड्रायव्हरने पूर्ण ताकद लावून ठेवली, चाकं हलेनात, सगळी ताकद ट्रान्समिशनच्या तेलात उष्णता होऊन गेली. तुम्ही म्हणायचात ना, हायड्रॉलिक गाडी हट्टाला पेटली की आपलंच तेल उकळवते. दुसऱ्या वेळी ती मागे घसरली. ब्रेक लागेपर्यंत तीनशे मीटर. मागच्या डब्यावरच्या ब्रेकमनने उडी मारली, त्याचा घोटा मोडला. अर्मांडो यांनी विचारलं आहे: किती वॅगन जोडायच्या त्याचा तक्ता आम्ही तुमच्या आकड्यावरून केला. आकडा बरोबर आहे का? दुसरी गाडीही याच तक्त्याने चालवायची का?

दोन वॅगन कमी कोणीच जोडल्या नाहीत, काका. त्यांनी माझ्या सहीवर विश्वास ठेवला.

धनसुखभाईंनी मला बोलावून उत्तर सांगितलं, चूक ड्रायव्हरची आहे असं लिहून टाक. "लखी दो, ड्रायवरनी भूल छे. चढाण पर आम जोर न मराय."

मी म्हणाले, "शेठ, तो कोण आहे हेही आपल्याला माहीत नाही."

"ते ज तो कहुं छुं. ते आपणने ओळखतो नथी, आपणे तेने ओळखता नथी. कोनुं शुं बगडे?"

तो आपल्याला ओळखत नाही, आपण त्याला ओळखत नाही, मग कोणाचं काय बिघडतं. तुम्ही मे महिन्यात जे विचारलं, ते याचसाठी होतं का?

शनिवारपर्यंत उत्तर पाठवायचं आहे. मसुदा माझ्यासमोर आहे. इंग्रजी चांगलं आहे, मीच सुधारून दिलं.

चंचल

३० नोव्हेंबर २०२५

उखाकाका,

तुमचं कार्ड या वेळी आलं नाही. वाट बघण्याइतका वेळ नव्हता, म्हणून तुम्हाला न विचारता केलं.

गुरुवारी दुपारी आबांना सांगितलं. आमच्या खोलीत आबांना काही सांगायचं म्हणजे ओरडावं लागतं आणि ओरडलं की सगळा शेड ऐकतो. म्हणून आम्ही मागवाल्यांच्या खुणांनी बोललो, ज्या ते लहानपणी मला शिकवायचे. दोन मागांच्या खडखडाटात माणसं जशी बोलतात तशी. पण 'गुणक' किंवा 'प्रमाणपत्र' यांना मागावर खूण नाही. मी पाटीवर तीन आकडे लिहिले. मग घोटा दाखवून काडी मोडल्यासारखं केलं. मग बोट या खोलीकडे, त्यांच्या कमरेच्या किल्लीकडे, आणि माझ्याकडे.

आबांनी पाटी जवळ ओढून घेतली. मग त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं जुळवून फटकन वेगळी केली आणि तळवा आडवा धरून खाली दाबला. धागा तुटला, माग बंद कर. तुम्हाला माहीत असेल, धागा तुटल्यावर माग तसाच चालू राहिला की पुढच्या सबंध कापडावर रेघ पडत जाते. मागवाल्याच्या हातून हे एकदा होतं. दुसऱ्यांदा झालं तर त्याला कोणी ठेवत नाही.

माय चिडली. टिकल्यांचा डबा तिने इतक्या जोरात आपटला की अर्ध्या जमिनीवर गेल्या. "तुले शिकाडं ते यानाकरता का? इतला दिन काय करत व्हतीस? जूनमाच सांगती ना!" मी म्हणाले, "जूनमा मले घर पाहिजे व्हतं, माय." आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून टिकल्या वेचत राहिलो. मग तिने भिंतीवरून डिग्री काढली. मला वाटलं रागाने काढतेय. तिने ती जुन्या साडीत गुंडाळून ट्रंकेत सगळ्यात खाली ठेवली, जिथे फुटणार नाही.

शनिवारी सकाळी दहाला दहा मिनिटं कमी असताना मी मेल पाठवली. धनसुखभाईंचा मसुदा नाही. माझी.

मेमधली चाचणी: तबकडी ९५५, दुरुस्त आकडा १,०१२, माझ्या चुकीने १,०७३. त्याच गाडीच्या दुसऱ्या नाकातल्या इंजिनाचाही तोच प्रकार. पहिल्या गाडीचं प्रमाणपत्र मागे घेत आहे. दुसऱ्या गाडीला प्रमाणपत्र दिलेलं नाही. तक्ता ९५५ धरून करा, कारण तुमची हवाही आमच्यासारखीच गरम आहे आणि वर उंचावर. थंड हवेचा आकडा तिथे काही उपयोगाचा नाही. चूक १२ जूनला कळली, गाडी ३ जुलैला निघाली, हेही लिहिलं. पॅनेलच्या सत्तेचाळिसाव्या पानाचा फोटो जोडला, आणि तुमच्या फडक्याचा. फडक्याखाली लिहिलं: आमचे वरिष्ठ फिटर उखाकाका यांनी त्याच दिवशी बरोबर आकडा सांगितला होता, मी ऐकला नाही.

मग वर जाऊन धनसुखभाईंना मेलची प्रत दिली. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचली. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "उखानुं नाम पण लखी नाख्युं?" मी हो म्हणाले. प्रतीची घडी घालून म्हणाले, "पंदर दिवस. रूम खाली करी आपजो." म्हणजे पंधरा दिवसांत खोल्या सोडायच्या, आणि माझं कामही गेलं. मी विचारलं, गाडीचे पंप उतरवायला सांगू का. ते खिडकीकडे वळून म्हणाले, "हवे तो उतारवा ज पडशे ने." आता तर उतरवावेच लागतील, असं.

काल दुपारी पंप उतरवायला घेतले, त्याआधी इंजिन एकदा चालवून पाहिलं. मला शेडमध्ये जायला बंदी नव्हती, म्हणून मी तुमचा पेचकस घेऊन गेले आणि नव्या फिटरांना तो कानाला कसा लावायचा ते दाखवलं. मला नीट येत नाही. तरी सहाव्या सिलिंडरची खटखट त्यांना ऐकू आली.

आबा आज कतारगामला एक खोली बघायला गेले आहेत. आल्यावर फाटकाची किल्ली देऊन टाकणार. मला अजून कुठे काम नाही, आणि ही मेल वाचून कोण देईल तेही माहीत नाही. पत्रासोबत दुसऱ्या गाडीचं फडकं पाठवते. दहा आकडे मोजून धरलं होतं. पहिल्यापेक्षा कमी काळं आहे, पण काळं आहे. कोपऱ्यात तारीख आणि १,०१० लिहिले आहेत, तुमच्यासारखेच पेन्सिलीने.

मेलची पहिली ओळ तुम्हाला सांगायची राहिली. "चढावर गाडी थांबली यात ड्रायव्हरचा काही दोष नाही." तिथे त्याचं नाव घालायचं होतं. मला माहीत नव्हतं, म्हणून 'तुमचा ड्रायव्हर' असं लिहिलं, आणि पाठवून दिलं.

चंचल